धाकट्याचं चौथं वर्ष

मंगळवार होता. चहाच्या वेळी यूसुफने मोबाइल सरांपुढे धरला. अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या बास्केटबॉल संघातला एक खेळाडू कॉलेज सोडून दुसऱ्या कॉलेजात जाणार होता. सरांनी बातमी वाचली, मोबाइल परत दिला आणि चहा न घेता ते आपल्या टेबलाकडे गेले.

यूसुफ आमच्या ऑफिसातला बहरैनी. सगळी नोकरी भारतीयांमध्ये काढल्यामुळे त्याची हिंदी आमच्याइतकीच वाईट झाली होती. तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “सर का लडका मफी. खलास. अब?”

मफी म्हणजे नाही, उरला नाही. तो मुलगा सरांचा कुणी नव्हता. सरांनी त्याला कधी प्रत्यक्ष पाहिलंही नव्हतं. पण त्या मुलाच्या चौथ्या वर्षावर सरांनी आपलं निवृत्त होणं टांगून ठेवलं होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सर मूळचे मिरजेचे. बहरैनमधल्या एका बांधकाम कंपनीत स्ट्रक्चरल इंजिनीअर. मी त्याच कंपनीत कागदपत्रं सांभाळायच्या विभागात, आणि राहायला उम्म अल हस्सममधल्या त्याच इमारतीत, त्यांच्या खालच्या मजल्यावर. लिफ्टमध्ये असेपर्यंत ते मला सर असत आणि त्यांच्या घराचं दार उघडलं की काका होत. लिहिताना मात्र सरच लिहावंसं वाटतं. काकूही चिडल्या की त्यांना सरच म्हणत.

तरुणपणी ते अमेरिकेत शिकले. ते गाव लहान होतं आणि थंडी मोठी होती. पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्या खोलीतला हीटर बिघडला. कुणीतरी सांगितलं की कॉलेजच्या जिममध्ये ऊब असते आणि विद्यार्थ्यांना आत फुकट सोडतात. “मी बास्केटबॉल बघायला गेलोच नव्हतो हो,” सर सांगत. “पाय गरम करायला गेलो होतो. गेलो तर सामना चालू.” शेजारच्या बाकावर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांनी आपल्या पिशवीतून संघाच्या रंगाची लोकरीची टोपी काढून सरांच्या डोक्यावर घातली. त्या बाईंचं बोलणं सर नेहमी मराठीतच सांगत, जणू त्या मिरजेतल्याच होत्या. “अरे लेकरा, आधी डोकं झाक.”

ती टोपी ते बहरैनमध्ये घालत. जूनमध्ये जुने सामने लावतानासुद्धा. घराचा एसी इतका गार करून ठेवत की काकू शाल घेऊन स्वयंपाक करत. सामना म्हणजे टोपी हवी, आणि टोपी म्हणजे थंडी हवी. यात त्यांना काही विचित्र वाटत नसे.

तिकडचे सामने आमच्याकडे भलत्या वेळी येत. सर ते कधी जागून बघत नसत. झोपेवर त्यांचा फार विश्वास होता. आठवड्याचे सामने ते सुट्टीच्या शुक्रवारी सकाळी, अंघोळ करून, पोहे खाऊन, ओळीने बघत. तोपर्यंत निकाल त्यांना कळता कामा नये, ही सगळ्यांची जबाबदारी. एकदा यूसुफने चेष्टेत, “सर, मबरूक,” एवढंच म्हटलं. मबरूक म्हणजे अभिनंदन, म्हणजे संघ जिंकला हे कळलं. सर आठवडाभर त्याच्याशी फक्त ईमेलने बोलले. दोघांची टेबलं समोरासमोर होती.

मी एकटा राहत असे, त्यामुळे शुक्रवार त्यांच्याकडेच जाई. मला खेळातलं काही कळत नाही. मी पुस्तक घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसे. सरांनी त्याला हरकत घेतली नाही, फक्त एक अट घातली. “वाचा खुशाल. पण फ्री थ्रोला मान वर करायची.” आपल्या खेळाडूला फ्री थ्रो मिळाला, म्हणजे कुणी न अडवता बास्केटमध्ये चेंडू टाकायची संधी मिळाली, की सर उभे राहत. श्वास धरत. त्या वेळात शेंगा सोलायला बंदी होती. काकूंच्या कढईतला झारासुद्धा थांबे.

खेळाडूंना ते घरातली नावं देत. अंगाने दांडगा आणि कुणाच्या मध्येमध्ये न येणारा एक होता, तो अण्णा. सतत पंचांशी वाद घालणारा वकील. चेंडू हातात आला की कुणालाही न देता थेट निघणारा, त्याला मामा म्हणत, कारण सरांचे एक मामा जेवणाच्या पंगतीत तसे वागत. एका मुलाकडे ते चार वर्षं बघत. पहिल्या वर्षी बाकावर बसलेला, दुसऱ्या वर्षी दोन मिनिटं उतरून चुका करणारा, तिसऱ्या वर्षी जरा सावरलेला, आणि चौथ्या वर्षी संघ ज्याच्याकडे बघतो असा. ऑफिसातही त्यांचं मोजमाप हेच. मी नोकरीला लागल्यावर चुकीच्या आवृत्तीचे नकाशे साइटवर पाठवले होते. मॅनेजर माझ्यावर ओरडत असताना सर मध्ये पडून म्हणाले, “त्यांचं पहिलं वर्ष आहे. पहिल्या वर्षी पास चुकतो.” मॅनेजरला यातलं काही कळलं नाही, पण तो गप्प झाला.

“चौथं वर्ष बघितल्याशिवाय माणसाबद्दल मत द्यायचं नाही,” असं ते म्हणत.

अडचण एवढीच होती की बहरैनमध्ये चौथं वर्ष बघायला माणसं थांबत नाहीत. कुणी कॉजवेपलीकडे सौदीत जातं, कुणाला दुबईचं बोलावणं येतं, कुणी अमवाजला समुद्रासमोरचा फ्लॅट घेऊन सहा महिन्यांत कॅनडाचे कागद भरतं. सर सगळ्यांना निरोप देत. पण चार वर्षांच्या आत जाणाऱ्याला त्यांच्या घरी चहा मिळे. चार पूर्ण केलेल्याला जेवण, पाट आणि काकूंच्या हातचं औक्षण. एक तमिळ सुपरवायझर तीन वर्षं अकरा महिन्यांनी चालला होता. त्याने एक महिना व्हिसा वाढवून घेतला. काकूंच्या पुरणपोळीसाठी, असं तो सांगे. मला वाटतं, औक्षणासाठी.

हीच रीत टीव्हीलाही होती. अमेरिकेत कॉलेजच्या शेवटच्या घरच्या सामन्याआधी चौथ्या वर्षाच्या मुलांना एकेक करून कोर्टावर बोलावतात. मुलगा आईवडिलांना घेऊन मध्यभागी येतो, फुलं देतात, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. त्या वेळी काकू निरांजन घेऊन टीव्हीसमोर उभ्या राहत आणि ज्याचं नाव पुकारलं जाई त्याला ओवाळत. सर त्यांच्या मागे टोपी हातात घेऊन उभे. एका वर्षी चार मुलं एकदम निघाली, म्हणून सरांनी धूपही लावला. टीव्हीच्या बरोबर वर आगीची सूचना देणारं यंत्र होतं. अख्खी इमारत जिन्याने खाली उतरली. वॉचमन धापा टाकत वर आला.

“साब, आग किधर?”

“आग नहीं. चार बच्चे पास होके जा रहे हैं,” सर म्हणाले.

वॉचमनने घरात इकडेतिकडे पाहिलं. “कौन बच्चा, साब? आपका तो एक लडकी. वो भी शादी करके गया.”

काकूंनी त्याच्या हातावर साखर ठेवली.

धाकटा आला तेव्हा सरांच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती. संघातला सगळ्यांत लहान, म्हणून धाकटा. पहिल्याच सामन्यात त्याने चेंडू आपल्याच माणसाच्या पाठीत मारला. सर खूश झाले. त्यांनी हिशोब मांडला. धाकट्याच्या चौथ्या वर्षातला शेवटचा घरचा सामना ज्या मार्चमध्ये, त्याच मार्चमध्ये सरांची साठी. बहरैन कायमचं सोडायचं, पण थेट मिरजेला नाही. आधी दोघांनी अमेरिकेला जायचं, त्याच जिममध्ये, त्याच बाजूच्या बाकावर बसायचं, आणि धाकट्याला समोरासमोर निरोप द्यायचा. अमेरिकेचा व्हिसासुद्धा काढून झाला. काकूंनी निरांजन आत नेऊ देतील का, असं मला अनेकदा विचारलं.

“आम्ही दोघं एकदम पास होणार,” सर सगळ्यांना सांगत. यूसुफ म्हणे, “इंशाल्ला, सर.” सर म्हणत, “इंशाल्ला काय? वेळापत्रकच आहे तसं.”

मग तो मंगळवार आला. धाकट्याची दोन वर्षं पूर्ण झाली होती.

पूर्वी कॉलेज बदललं तर खेळाडूला एक वर्ष बाहेर बसावं लागे. तो नियम गेला होता. मुलांना आता खेळाचे पैसेही मिळू लागले होते, आणि मोसम संपला की ज्याला जायचंय तो नाव नोंदवू शकत होता. सरांना हे सगळं माहीत होतं. इतर संघांच्या बाबतीत ते त्यावर शांतपणे बोलतही. “गरिबाघरची मुलं आहेत. जिथे खेळायला मिळेल तिथे जातील.” पण आपल्या संघाला ते लागू होईल असं त्यांनी धरलं नव्हतं. धाकट्यापाठोपाठ अण्णा गेला, मामा गेला. मग कोचही मोठ्या कॉलेजात निघून गेला. उरला तो बाकावरचा एकच मुलगा, ज्याला सरांनी अजून नाव दिलं नव्हतं.

घरात मात्र वेगळंच झालं. काकू धाकट्याबरोबर गेल्या.

म्हणजे तो शेजारच्या राज्यातल्या ज्या कॉलेजात गेला, त्याचे सामने काकू मोबाइलवर बघू लागल्या. काकू रत्नागिरीकडच्या. एका शुक्रवारी पोह्यांवर खोबरं घालताना त्या म्हणाल्या, “धाकट्यानं परवा वीस गुण केलेन.”

“त्याचं नाव ह्या घरात काढू नका,” सर म्हणाले.

“का? आपली लेक तीन कंपन्या सोडून चौथीत गेली, तेव्हा पेढे वाटलेत ना बिल्डिंगभर?”

“ती नोकरी. हे कॉलेज आहे. संघ आहे.”

“आणि तुम्ही हो? दुबईहून बोलावणं आलं होतं, तेव्हा कंपनीने रिलीज दिलंन नाही म्हणून राहिलात. तीन दिवस जेवला नव्हतात. विसरलात? मी नाही विसरले. तुम्ही राहिलात की राहावं लागलं?”

मी पुस्तकात मान घातली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या काळी मालकाने रिलीज दिल्याशिवाय इथे नोकरी बदलता येत नसे, हे ऐकून माहीत होतं. पण सरांचं इतकी वर्षं एका जागी राहणं मी त्यांच्या स्वभावातच धरलं होतं.

सरांनी ताटलीतले पोहे चमच्याने एका बाजूला सारले. मग म्हणाले, “राहावं लागलं. पण राहिल्यावर आवडायला लागलं. तेवढा वेळ तरी द्यायला नको का त्याने?”

काकूंनी त्यांच्या ताटलीत आणखी पोहे वाढले.

नव्या मोसमाचा पहिला शुक्रवार मला स्पष्ट आठवतो. एसी लावला होता, टोपी घातली होती. पडद्यावर त्याच रंगाची जर्सी घातलेली पाच मुलं धावत होती आणि सर पुढे वाकून त्यांच्या पाठीवरची नावं वाचत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना नाव वाचताना पाहिलं नव्हतं. ते चालीवरून माणूस ओळखत. मध्यंतरात मी विचारलं, “ह्या उंच मुलाला काय म्हणायचं?”

“तेवीस नंबर म्हणा,” सर म्हणाले. “घरातलं नाव कशाला? पुढच्या वर्षी असेल का तो?”

तेवीस नंबरला फ्री थ्रो मिळाला. सर उभे राहिले. पण मी पाहिलं, त्यांनी श्वास धरला नव्हता.

जानेवारीत धाकट्याचा नवा संघ सरांच्या कॉलेजात खेळायला आला. त्या शुक्रवारी यूसुफही आला होता, येताना बेकरीतून गरम खुब्ज, म्हणजे इथली रोटी, घेऊन. सर आपल्या जागी, काकू समोरच्या दिवाणावर, मधे आम्ही दोघं.

“सर, आज घर में दो टीम,” यूसुफ म्हणाला. “मैं किधर बैठूँ?”

“तू खुब्ज खा,” काकू म्हणाल्या.

धाकटा कोर्टावर आला तेव्हा जिममधले लोक ओरडायला लागले. मला आधी वाटलं, स्वागत आहे. मग लक्षात आलं. त्याच्या हातात चेंडू आला की तो गोंगाट वाढे आणि चेंडू सुटला की थांबे. त्याच्या नावाचे फलक उलटे धरले होते. तरी तो चांगला खेळला. सामना शेवटाकडे आला, एका गुणाचा फरक होता आणि धाकट्याला दोन फ्री थ्रो मिळाले. बास्केटमागच्या बाकांवरचे सगळे उभे राहिले, हात हलवू लागले, शिव्या देऊ लागले. पुढच्याच बाकावर एक म्हाताऱ्या बाई होत्या, डोक्यावर तीच टोपी. त्या दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होत्या.

काकू उभ्या राहिल्या होत्या. यूसुफने तोंडातला घास थांबवला होता.

सरांनी रिमोट घेतला आणि आवाज बंद केला.

“आपल्या माणसांनी असं ओरडू नये,” ते म्हणाले.

आवाज नसताना धाकट्याने दोन्ही फ्री थ्रो टाकले. दोन्ही आत गेले. सरांचं कॉलेज हरलं. सरांनी टोपी काढली, घडी केली आणि कपाटात ठेवली. काकू आनंद न दाखवता आत निघून गेल्या. यूसुफ नंतर लिफ्टमध्ये मला म्हणाला की त्याच्या वडिलांच्या क्लबातही बाहेरचे खेळाडू दर वर्षी येतात आणि जातात, आणि लोक गेलेल्याला शिव्या देतात. “मैं भी देता हूँ,” तो म्हणाला. “लेकिन सर के सामने शरम आया.”

त्यानंतर सर शुक्रवारचे सामने बघत, पण टोपी घालत नसत. काकूंना शालीची गरज उरली नाही. मोसम संपल्यावर धाकट्याने पुन्हा कॉलेज बदललं. यूसुफने ते सरांना सांगितलं नाही, मीही नाही. काकूंनी मला जिन्यात गाठून नकाशावर ते गाव दाखवलं. फार लांब होतं.

सरांनी मार्चपर्यंत थांबायचं सोडलं. सप्टेंबरमध्ये जायचं म्हणून अर्ज दिला. मी विचारलं, “आणि अमेरिका?” ते म्हणाले, “निरोप कुणाला द्यायचा? तिथे गेल्यावर मला कोण ओळखणार आणि मी कुणाला ओळखणार?” मग म्हणाले, “त्या बाई ओरडत होत्या, पाहिलंत तुम्ही?”

“त्या दुसऱ्या असतील, सर. तुमच्या त्या बाई आता कुठल्या असायला?”

“दुसऱ्याच असणार,” सर म्हणाले. “टोपी तीच होती.”

ऑफिसात त्यांच्या शेवटच्या दिवशी केक आणला. नव्या मॅनेजरला येऊन चार महिने झाले होते. त्याने सरांच्या कामाबद्दल छान बोलून दाखवलं, पण मधेच सरांचं आडनाव विचारावं लागलं. टेबलाभोवती उभ्या असलेल्यांपैकी बहुतेकांचं पहिलं वर्ष होतं. सरांनी सगळ्यांशी हात मिळवले. केकचा तुकडा त्यांनी यूसुफला भरवला. यूसुफने, “सर, आप का कितना साल?” असं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता डोळे पुसले.

माझं चौथं वर्ष केव्हाच होऊन गेलं होतं. पण आता मी नव्हे, ते चालले होते, आणि त्यांना ओवाळणार कोण हा प्रश्न मला त्या संध्याकाळी त्यांच्या रिकाम्या घरात पडला. सामान कार्गोने गेलं होतं. काकूंनीच कुठूनतरी निरांजन काढलं, सरांना खिडकीशी उभं केलं आणि ओवाळलं. “पास झालात हो, सर,” त्या म्हणाल्या. सर हसले. मग त्यांनी बॅगेच्या वरच्या कप्प्यातून टोपी काढून माझ्या हातात दिली. “मिरजेत इतकी थंडी नसते,” म्हणाले.

जानेवारीत ते गेले. सकाळी फिरून आले, खुर्चीत बसले आणि पुन्हा उठले नाहीत. मला बातमी दुपारी कळली. मी यूसुफला सांगितलं. त्याने समोरच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे एक नवा मुलगा काम करत होता.

मार्चमध्ये काकूंचा फोन आला. धाकट्याच्या शेवटच्या घरच्या सामन्याचं रेकॉर्डिंग त्यांना सापडत नव्हतं. मी शोधून पाठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला.

“बघितलं हो. आईला घेऊन आला होता. फुलं दिलीनी तिला.”

“तुम्ही...?” मी विचारलं.

“ओवाळलं. नणंद इथेच होती. ती म्हणाली, वहिनी, आता तुम्ही ओवाळायचं नसतं. मी म्हटलं, त्या पोराला काय ठाऊक, ह्यांचं काय झालं ते.” मग म्हणाल्या, “टाळ्या कमीच पडल्या हो. एकच वर्ष होता ना तिथे. त्याला तरी कोण ओळखणार? इकडेतिकडे बघत होता. कुणाला शोधल्यासारखा.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ह्यांनी बघितलं असतं तर उभे राहिले असते,” काकू म्हणाल्या. “आधी नाही म्हणाले असते. मग उभे राहिले असते.”

वरच्या मजल्यावर आता दुसरं कुटुंब राहतं. यूसुफ पुढच्या वर्षी निवृत्त होईल. सरांचं कॉलेज अजून खेळतं, आणि शुक्रवारी सकाळी मी त्याचा निकाल बघतो. टोपी माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. संघातल्या एकाही मुलाचं नाव मला माहीत नाही.